सत्ता, युद्ध आणि नेतृत्व: राजकीय वास्तववादाविषयी वऱ्हाडात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यापासून तालुक्याच्या वाचनालयांत, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत आणि कृषी केंद्रांच्या बाकांवरही आंतरराष्ट्रीय राजकारणाची चर्चा वाढली आहे. त्या चर्चेत पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे शक्य तेथे आपल्याच मुलखातली घेतली आहेत, कारण ती येथे भरपूर आहेत आणि त्यांच्याकडे या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही.

राजकीय वास्तववाद म्हणजे नेमके काय?

राज्याराज्यांच्या व्यवहारात सत्ता आणि हितसंबंध निर्णायक ठरतात, असे मानून राजकारणाकडे पाहण्याची ही दृष्टी आहे. देशाच्या आत तंटा झाला तर ठाणे आहे, तहसील आहे, न्यायालय आहे; दोन देशांत तंटा झाला तर निकाल देऊन तो बजावणारी कोणतीही वरची सत्ता नाही. संयुक्त राष्ट्रसंघ आहे, परंतु त्याच्या सुरक्षा परिषदेत अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच देशांना नकाराधिकार असल्यामुळे, त्यांच्यापैकी कोणी स्वतःच युद्धात उतरला तर परिषदेचे हात बांधले जातात. अशा स्थितीत प्रत्येक राज्याला आपल्या रक्षणाची तजवीज शेवटी स्वतःच करावी लागते, हा वास्तववादाचा पाया आहे.

विसाव्या शतकात ई. एच. कार यांनी १९३९ मध्ये आणि हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ मध्ये या विचाराची पद्धतशीर मांडणी केली. मॉर्गेन्थाऊ यांनी सत्तेच्या हव्यासाचे मूळ मनुष्यस्वभावात शोधले. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये वेगळे उत्तर दिले: माणसे कशीही असोत, वरची सत्ता नसलेल्या व्यवस्थेत राज्यांना एकमेकांच्या ताकदीवर लक्ष ठेवून वागावेच लागते. हा फरक परीक्षेपुरता पाठ करून सोडून देण्यासारखा नाही. पहिले मत मानले तर युद्धाचा दोष माणसाकडे जातो आणि दुसरे मानले तर व्यवस्थेकडे, आणि त्यावरून उपायही बदलतात.

हा विचार पाश्चात्त्यांकडूनच आला का?

नाही. थ्युसिडिडीसने अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धाचा इतिहास इसवी सनपूर्व पाचव्या शतकात लिहिला आणि मॅकियाव्हेलीने आपला राजनीतीवरचा ग्रंथ १५१३ मध्ये लिहिला, ही नावे पाठ्यपुस्तकांत आधी येतात. आपल्याकडे कौटिलीय अर्थशास्त्र आहे. त्याचे हस्तलिखित म्हैसूरला आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ मध्ये आले आणि १९०९ मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. राज्याची सात अंगे, शेजारी राजे आणि शेजाऱ्यांचे शेजारी यांचे मंडल, संधी (तह), विग्रह (युद्ध) आदी सहा गुण, ही सारी मांडणी सत्तेचा थंड डोक्याने हिशेब करणारी आहे.

मराठीत तर रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आहे, जे १७१५-१६ च्या सुमाराचे मानले जाते. त्यात गडकोटांना राज्याचे सार म्हटले आहे. टोपीकरांविषयीचा, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयीचा, त्यातला भाग आजही नीट वाचावा असा आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नुसते सावकार नाहीत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, आणि आरमार, तोफा व दारूगोळा हे त्यांचे बळ आहे, म्हणून त्यांना वखारीसाठी समुद्राकाठची जागा देऊ नये, असा इशारा त्यात आहे. व्यापारामागे उभी असलेली लष्करी ताकद इतक्या आधी ओळखणारा मराठी मंत्री आपल्या अभ्यासक्रमात ओझरता येतो, याची मनापासून खंत वाटते.

वास्तववाद म्हणजे युद्धखोरी का?

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. कौटिल्य म्हणतो की संधी आणि विग्रह यांपासून सारखाच लाभ होणार असेल तर संधीच करावी, कारण विग्रहात क्षय, व्यय, प्रवास आणि प्रत्यवाय (विघ्ने) हे ठरलेले आहेत. मॉर्गेन्थाऊ यांनी व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला. इराकवर हल्ला होण्यापूर्वी, सप्टेंबर २००२ मध्ये, ३३ अमेरिकी अभ्यासकांनी वृत्तपत्रात जाहिरात देऊन हे युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही असे बजावले. त्यांत वॉल्ट्झ आणि जॉन मिअरशायमर हे आघाडीचे वास्तववादी होते. ताकदीचा हिशेब करणाऱ्याला ताकदीची मर्यादाही दिसते, आणि आवेशात निघालेल्या फौजांना थांबवण्याचे काम बहुधा असाच हिशेब करतो.

शिवाजी महाराजांचा पुरंदरचा तह याच अंगाने पाहावा. जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंहाच्या फौजेपुढे महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. त्या दिवशी तह करण्यात हार दिसली असेल, पण माणसे आणि राज्याचा गाभा वाचला. १६७० मध्ये कोंढाणा आणि पुरंदर पुन्हा स्वराज्यात आले. केव्हा झुकायचे आणि केव्हा उसळायचे, याचा निर्णय ताकद, वेळ आणि शत्रूच्या इतर अडचणी पाहून घेतला गेला.

विदर्भाच्या इतिहासात याचे उदाहरण कोणते?

१८०३ चे युद्ध. या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबणार आहे, कारण वऱ्हाडातल्या पुष्कळ लोकांना आपल्या शेजारच्या गावात हिंदुस्थानचे भवितव्य ठरले होते हे ठाऊकच नसते.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने ठेवायची इंग्रजी फौज, पत्करली. पेशवा इंग्रजांच्या हाती गेला म्हणजे मराठी सत्तांमधला तोल गेला, हे ओळखून दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले एकत्र आले. यशवंतराव होळकर मात्र बाहेर राहिले. इंग्रजांना एका वेळी दोघांशीच लढायचे होते, आणि त्यांनी आघाड्या मात्र अनेक उघडल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला लढाई झाली. इकडे भोसल्यांची फौज गुंतलेली असताना ऑक्टोबरमध्ये तिकडे ओरिसात कटक पडले. मद्रास आणि बंगाल या इंग्रजांच्या दोन इलाख्यांमधली किनारपट्टी भोसल्यांकडे होती आणि ती जोडून घेणे इंग्रजांना फार महत्त्वाचे वाटत होते.

२९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या माळावर लढाई झाली. सुरुवातीला मराठी तोफांच्या माऱ्याने कंपनीच्या काही पलटणी मागे हटल्या, पण इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने त्यांना पुन्हा उभे केले आणि संध्याकाळपर्यंत निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. त्यानंतर उरला गाविलगड. चिखलदऱ्याला गेलेल्याने हा किल्ला पाहिलेला असतो. दक्षिणेकडे वऱ्हाडच्या सपाटीवर सरळ तुटणारा कडा आहे आणि त्या बाजूने तोफ चढवण्याचा विचारही कोणी करणार नाही. उत्तरेकडे मात्र पठाराची जमीन किल्ल्याला येऊन भिडते. इंग्रजांनी तोफा मेळघाटाच्या डोंगरांतून ओढत नेऊन त्याच बाजूने मारा केला. तटाला खिंडार पडले आणि १५ डिसेंबरला किल्ला गेला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. उत्तरेच्या तटाजवळ उभे राहून मागच्या पठाराकडे पाहिले, तर दुर्गाचे बळ आणि त्याचा कच्चा दुवा एकाच नजरेत येतात.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक आणि बालासोर इंग्रजांना दिले, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, जो इंग्रजांच्या दोस्ताला, म्हणजे निजामाला, मिळाला. ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला आणि दिल्ली, आग्रा व गंगा-यमुनेचा दुआब गमावला. होळकर लढाईला उभे राहिले ते १८०४ मध्ये, आणि तेव्हा ते एकटे होते. बलाढ्य शत्रूपुढे दुबळ्यांनी वेळेवर एकत्र यावे, ही सत्तासंतुलनाची शिकवण मराठी सरदारांना माहीत नव्हती असे नाही; पण परस्परांवरचा अविश्वास इंग्रजांच्या भीतीहून मोठा ठरला.

निजामाला मिळालेला वऱ्हाड पुढे इंग्रजांकडे कसा गेला?

निजामाने १७९८ मध्येच तैनाती फौज स्वीकारली होती. पुढे हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चाचे कर्ज त्याच्यावर साठले आणि त्या कर्जापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमचा भाडेपट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला. नागपूरचे राज्य तर रघूजी तिसरे निपुत्रिक वारल्यावर डलहौसीने खालसा केले. दुसऱ्याच्या फौजेच्या आसऱ्याला गेलेल्या राज्याला त्या फौजेची किंमत शेवटी मुलखाने चुकवावी लागते, हे यातून दिसते. या सगळ्या देवाणघेवाणीत वऱ्हाडच्या रयतेला कोणी काही विचारले नाही, ही गोष्ट शेवटच्या उत्तरात पुन्हा येणार आहे.

कोणालाच युद्ध नको असले तरी युद्धे का होतात?

याला अभ्यासक सुरक्षेचा पेच म्हणतात. रानडुकरांपासून हरभरा वाचवण्यासाठी एखादा शेतकरी तारेचे कुंपण घालून झटका मशीन लावतो, तेव्हा कळप शेजारच्या वावरात वळतो. मग शेजाऱ्यालाही तोच खर्च करावा लागतो, आणि धुऱ्यावर दोघांच्या मनात किंतू उभा राहतो, जरी दोघांचाही हेतू आपले पीक राखण्यापलीकडे काही नसतो. देशांच्या बाबतीत तारेच्या जागी क्षेपणास्त्रे येतात, आणि समोरच्याचा हेतू बचावाचा आहे की चढाईचा हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे दोघेही वाईटात वाईट शक्यता धरून तयारी करतात. अथेन्सची वाढती ताकद आणि त्यामुळे स्पार्टाला वाटलेली भीती हे युद्धाचे खरे कारण, असे थ्युसिडिडीसने लिहिले, तेव्हा त्याने हाच पेच नेमका पकडला होता.

करारांवर विश्वास ठेवावा की नाही?

करार करावेत, पण करार मोडल्यास काय करता येईल याची तयारी ठेवूनच करावेत. १९९४ च्या बुडापेस्ट करारपत्रात युक्रेनने सोव्हिएत काळातली अण्वस्त्रे सोडण्याचे मान्य केले आणि रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे आश्वासन दिले. २०१४ मध्ये रशियाने क्रायमिया घेतला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वंकष आक्रमण केले. भारताने १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली नाही, १९७४ आणि १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या केल्या. युक्रेनचे उदाहरण पाहिल्यावर तो हट्ट अनेकांना समजू लागला आहे.

वास्तववादी नेता कसा असतो?

मॅकियाव्हेलीचे नाव कपटाशी जोडले जाते, परंतु त्याची मूळ चिंता वेगळी होती. परक्या फौजांच्या आणि भाडोत्री सैन्याच्या जिवावर उभी असलेली इटालियन राज्ये कोसळताना त्याने स्वतः पाहिली होती आणि राज्य कशाने टिकते हे त्याला शोधायचे होते. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९१९ च्या आपल्या व्याख्यानात हाच धागा अधिक नीट मांडला. आपले हेतू शुद्ध होते एवढ्यावर राजकारणी माणसाची सुटका होत नाही, आपल्या कृतीच्या परिणामांची जबाबदारीही त्याने घेतली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

जिंकल्यावर थांबता येणे ही या नेतृत्वाची मोठी कसोटी आहे. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाचा पराभव केल्यावर प्रशियाच्या राजाला आणि सेनापतींना पुढे रेटायचे होते. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कने त्यांना आवरले आणि प्रशियासाठी ऑस्ट्रियाचा मुलूख घेतला नाही. १८७० मध्ये फ्रान्सशी युद्ध झाले तेव्हा ऑस्ट्रिया तटस्थ राहिला. फ्रान्सकडून मात्र १८७१ मध्ये अल्सास आणि लॉरेनचा भाग घेतला गेला, आणि ते वैर पहिल्या महायुद्धापर्यंत विझले नाही.

आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ऑक्टोबर १९५१ चे राजीनाम्याचे निवेदन या संदर्भात फार कमी वाचले जाते. हिंदू कोड बिलाचा प्रश्न सर्वांना आठवतो, पण त्याच निवेदनात परराष्ट्र धोरणावरही नाराजी आहे. तेथे बाबासाहेबांनी बिस्मार्कचा आधार घेऊन राजकारण म्हणजे शक्य ते साधण्याची कला आहे असे म्हटले, आणि वर्षाच्या ३५० कोटींच्या महसुलापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, हे आपल्याला मित्र न उरल्याचे फळ आहे, असा हिशेब मांडला. मित्र कमी झाले की शस्त्रांचा खर्च वाढतो आणि तो गरिबांच्या ताटातून जातो, एवढे स्पष्ट वास्तववादी विश्लेषण त्या काळात क्वचितच कोणी केले असेल.

सेवाग्रामचे काय? गांधीजींचा मार्ग याच्या विरुद्ध नाही का?

पुष्कळ अंशी विरुद्ध आहे आणि तो विरोध झाकू नये. जुलै १९३९ मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या पत्त्यावरून हिटलरला पत्र लिहून युद्ध टाळण्याची विनंती केली. वास्तववादी सांगेल की ज्याला आपल्या ताकदीला कोणी अडवणार नाही अशी खात्री आहे, त्याच्यावर विनंतीचा परिणाम होत नाही, आणि १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झालाच. परंतु गांधीजींना सत्तेची जाण नव्हती असे म्हणणे चूक ठरेल. राज्य चालते ते लोकांच्या सहकार्यावर, ते सहकार्य काढून घेतले की तोफा असूनही राज्य लुळे पडते, हा सत्तेविषयीचाच सिद्धान्त आहे. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला, तेव्हा महायुद्धात अडकलेल्या साम्राज्याची अडचण तिला नीट दिसत होती. त्याच वर्धा जिल्ह्यात पुलगावला देशाचे मोठे दारूगोळा भांडार आहे. हे दोन्ही एकाच जिल्ह्यात असणे मला विसंगत वाटत नाही. स्वतंत्र भारताने दोन्ही वारसे सोबत बाळगले आहेत.

भारताचे परराष्ट्र धोरण वास्तववादी आहे का?

ते दोन्ही प्रवाहांतून आले आहे. १९५४ मध्ये चीनशी पंचशील झाले आणि १९६२ मध्ये चीनने हल्ला केला, या आठ वर्षांनी दिल्लीला फार कठोर धडा दिला. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धापूर्वी, ९ ऑगस्टला, सोव्हिएत संघाशी वीस वर्षांचा मैत्री करार झाला आणि अमेरिका-चीन-पाकिस्तान यांच्या जवळिकीला तोड मिळाली. युक्रेन युद्धानंतर रशियाचे तेल घेत राहणे हेही त्याच परंपरेतले आहे.

गावच्या राजकारणाला हा सिद्धान्त लावता येतो का?

जपून लावावा. ग्रामपंचायतीवर गटविकास अधिकारी, जिल्हा परिषद, न्यायालय आणि मतदार असतात. वरची सत्ता नसणे ही वास्तववादाची पहिली अटच तेथे पूर्ण होत नाही.

हा विचार कोठे कमी पडतो?

१९८९ ते १९९१ या काळात पूर्व युरोपातल्या राजवटी कोसळल्या आणि सोव्हिएत संघ महायुद्धाशिवाय विसर्जित झाला, याचा अंदाज वास्तववाद्यांना आला नव्हता. कल्पना, धर्म, राष्ट्रभावना, लोकांचा उद्रेक या गोष्टी तराजूत मोजता येत नाहीत आणि म्हणून हिशेबातून सुटतात. दुसरे असे की सत्तेची गुर्मी वास्तववादाचा मुखवटा घालून येते. इसवी सनपूर्व ४१६ मध्ये मेलोस बेटाच्या लोकांना अथेन्सच्या दूतांनी सांगितले की बलवान जमेल ते करतात आणि दुबळ्यांना ते सोसावे लागते. अथेन्सने मेलोसचे पुरुष मारले, बायका-मुलांना गुलाम केले, पुढच्याच वर्षी सिसिलीवर स्वारी काढली आणि तेथे आपले आरमार व सैन्य घालवून बसले. इसवी सनपूर्व ४०४ मध्ये ते स्पार्टाला शरण गेले.

कापूस पिकवणाऱ्याला या सगळ्याचे काय?

त्याचा संबंध फार जुना आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचे मोल आले. १८६५ मध्ये ते युद्ध संपताच भाव उतरले. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा पोचला, तो साम्राज्याच्या कापसाच्या गरजेपोटी. २०२२ मध्ये युद्धामुळे रशिया आणि बेलारूसकडून येणाऱ्या पोटॅशचा पुरवठा विस्कळीत झाला. डीएपी खताची बॅग १,३५० रुपयांवर राहिली, पण त्यासाठी केंद्राचे खतांवरचे अनुदान त्या आर्थिक वर्षात दोन लाख कोटी रुपयांच्या वर गेले.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लावले, त्यातला अर्धा भाग रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन. त्याच महिन्यात भारताने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले. कापड निर्यातदारांना त्यातून दिलासा मिळाला. मात्र आपल्याकडे सीतादहीची, म्हणजे पूजा करून होणारी पहिली, वेचणी सुरू होऊन कापूस बाजारात येण्याचे दिवसही हेच असतात, आणि लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल असताना परदेशी गाठी विनाशुल्क येत होत्या. तेल घेण्याचा निर्णय राष्ट्रहिताचा होता असे मानले, तरी त्याची झळ देशातल्या सर्वांना सारखी बसली नाही.

वास्तववादाची मांडणी राज्याला एकसंध धरते आणि राष्ट्रहित हा शब्द एकवचनी वापरते, हा तिचा मला सर्वांत मोठा दोष वाटतो. हित कोणाचे आणि किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न ती देशादेशांत विचारते, पण देशाच्या आत विचारत नाही. १८०३ मध्ये देवगावच्या छावणीत वऱ्हाडच्या कुणब्याला बोलण्याची सोय नव्हती. आज ती आहे: आपला खासदार लोकसभेत अतारांकित प्रश्न विचारू शकतो आणि मंत्रालयाला त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते. शुल्कमाफीच्या काळात किती गाठी आल्या, सीसीआयने (भारतीय कापूस महामंडळाने) त्याच आठवड्यांत कोणत्या जिल्ह्यात किती कापूस घेतला आणि पुढच्या व्यापार करारात कापसाबाबत काय देऊ केले जाणार आहे, हे तीन प्रश्न खासदाराच्या कार्यालयात लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी.